टॅरोची बावीस पाने : एका वाचनपद्धतीचा आढावा

टॅरोच्या संपूर्ण संचात ७८ पाने असतात. त्यांपैकी ५६ पाने चार रंगांत वाटलेली असून एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा आणि राजा, राणी, स्वार व गुलाम ही चार चित्रे मिळून प्रत्येक रंगात चौदा पाने होतात. उरलेली २२ पाने मात्र कोणत्याच रंगात न बसणारी, प्रत्येकाचे चित्र निराळे आणि प्रत्येकाला स्वतःचे नाव असलेली अशी आहेत. या बाविसांना आज मेजर अर्काना व त्या छप्पन्नांना मायनर अर्काना म्हणण्याचा प्रघात आहे. प्रश्न पाहताना ती ५६ पाने बाजूला ठेवून केवळ बाविसांवरून वाचन करावे की करू नये, याविषयी टॅरो शिकविणाऱ्यांत आणि त्याचा व्यासंग करणाऱ्यांत दोन तट पडलेले दिसतात. एका तटाच्या मते ही नवशिक्याची सोय आहे. पोहायला शिकताना कमरेला बांधलेला भोपळा जसा पुढे सोडायचा असतो, तशी ही पद्धत हात बसताच टाकून द्यावी. दुसऱ्या तटाच्या मते टॅरोचे सारे सत्त्व या बाविसांतच असून बाकीची पाने म्हणजे केवळ व्यावहारिक तपशिलाचा पसारा होय. मला हे दोन्ही पक्ष अपुरे वाटतात. केवळ मोठ्या पानांचे वाचन ही एक स्वतंत्र पद्धत आहे. तिला स्वतःची वंशावळ आहे, स्वतःचे गणित आहे, आणि त्या गणितामुळेच काही प्रश्न तिला उत्तम पेलतात व काही मुळीच पेलत नाहीत.

वंशावळीपासून आरंभ करणे भाग आहे, कारण या विषयात इतिहासाबाबत जितकी गफलत झाली आहे तितकी पानांच्या अर्थांबाबतही झालेली नाही. टॅरो हा पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तर इटलीत जन्मास आलेला पत्त्यांचा खेळ. फ्लॉरेन्समधील १४४० सालची नोंद आणि फेराऱ्याच्या एस्ते घराण्याच्या जमाखर्चातील १४४२ सालच्या नोंदी हे त्याचे सर्वांत जुने दाखले होत. चार रंगांच्या प्रचलित संचाला आणखी एक चित्रमालिका जोडावी आणि खेळताना तिच्यातील पानांनी हुकमाच्या पानांप्रमाणे बाकी सर्व रंगांवर मात करावी, इतकीच त्यामागची मूळ कल्पना. मिलानच्या व्हिस्कोन्ती-स्फोर्झा घराण्यासाठी शतकाच्या मध्यास सोन्याच्या वर्खावर रंगविलेला, बहुधा बोनिफाचो बेम्बो या चित्रकाराच्या हातचा असा जो संच आज सर्वांत प्रसिद्ध आहे, त्याची ७४ पाने शिल्लक असून ती न्यूयॉर्कचे मॉर्गन ग्रंथालय, बेर्गामोची अकादेमिया कारारा आणि एक खाजगी संग्रह अशा तीन ठिकाणी विखुरलेली आहेत. मोठ्या बाविसांपैकी सैतान आणि मनोरा ही दोन पाने मात्र त्यात आढळत नाहीत. सम्राट, धर्मगुरू, न्याय, मृत्यू, अंतिम निवाडा ही चित्रे त्या काळच्या मिरवणुकींत, चर्चच्या भिंतींवर आणि हस्तलिखितांत सर्वांच्या परिचयाची होती. ती पत्त्यांवर आली एवढ्यावरून पत्त्यांना गुप्त शास्त्राची सनद मिळाली असे होत नाही. आपल्याकडे सावंतवाडीच्या १२० पानांच्या दशावतारी गंजिफांवर मत्स्य-कूर्मादी अवतार रंगविलेले असतात आणि ते पाहून कोणी त्या संचाला पुराण समजत नाही, डाव मांडतो. इटलीतील त्या खेळाडूंचीही दृष्टी याहून वेगळी असल्याचा पुरावा नाही.

ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकेल डमेट यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या 'द गेम ऑफ टॅरो' या ग्रंथात हे सारे दप्तर इतक्या बारकाईने तपासले आहे की, त्यानंतर टॅरोविषयी लिहिणाऱ्याने त्या ग्रंथाकडे पाठ फिरविणे मला अक्षम्य वाटते. त्यांनी दाखवून दिलेल्या अनेक गोष्टींपैकी एक आपल्या विषयाला अत्यंत जवळची आहे : आरंभीच्या काळात या हुकमाच्या पानांचा क्रम सर्वत्र सारखा नव्हता. मिलानकडे एक, फेराऱ्याकडे दुसरा आणि बोलोन्याकडे तिसरा असे क्रमाचे तीन परिवार होते. कोठे 'जग' हे सर्वोच्च पान, तर कोठे अंतिम निवाड्याचा देवदूत. पानांच्या क्रमांकांवर पुढे ज्या ज्या इमारती उभारल्या गेल्या, त्यांचा पाया किती अलीकडचा आहे, हे यावरून ध्यानात येईल.

भविष्यकथनासाठी टॅरोची पाने वापरल्याचा ठळक असा जुना दाखला म्हणजे अठराव्या शतकाच्या मध्याचे बोलोन्यातील एक हस्तलिखित. त्यात स्थानिक संचातील ३५ पानांचे अर्थ थोडक्यात दिलेले आहेत. पुढच्या वादाच्या दृष्टीने हा दाखला मला फार बोलका वाटतो, कारण अर्धवट संच घेऊन प्रश्न पाहण्याचा रिवाज संपूर्ण संचाने पाहण्याच्या रिवाजाइतकाच जुना, कदाचित अधिकच जुना, असल्याचे त्यावरून दिसते. सर्व ७८ पाने घेतल्यावाचून वाचन सिद्धच होत नाही, असा आग्रह धरणाऱ्यांना इतिहासाचा आधार नाही.

बावीस पानांना बाकीच्या छप्पन्नांपासून वेगळे काढून त्यांना स्वतंत्र प्रतिष्ठा देण्याचे काम मात्र फ्रान्समध्ये झाले. १७८१ साली आंत्वान कूर द जेबलँ याने आपल्या 'मोंद प्रिमितीफ' या विस्तीर्ण ग्रंथाच्या आठव्या खंडात टॅरो हे प्राचीन मिसरी पुरोहितांचे ज्ञानभांडार असल्याचे प्रतिपादन केले आणि त्याच खंडातील कोंत द मेले याच्या निबंधात या २२ पानांचा संबंध हिब्रू वर्णमालेच्या २२ अक्षरांशी जोडण्यात आला. मिसरी चित्रलिपीचा उलगडा शांपोल्याँने त्यानंतर चाळीस वर्षांनी, १८२२ साली केला. तेव्हा जेबलँचे म्हणणे कोणत्याही वाचलेल्या लेखावर आधारलेले नव्हते, हे उघड आहे. तरीही बाविसांचा तो योगायोग लोकांच्या मनात ठाण मांडून बसला. एलिफास लेवी याने १८५४ ते १८५६ या काळात प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथाच्या दोन्ही भागांची प्रत्येकी बावीस प्रकरणे पाडली, ती याच अक्षरसंबंधाला धरून. त्या परंपरेत वाढलेल्या ओस्वाल्ड विर्थ या स्विस चित्रकाराने स्तानिस्लास द ग्वायता याच्या सांगण्यावरून १८८९ साली केवळ मोठ्या पानांचा संच तयार केला. त्याच्या ३५० प्रती निघाल्या. खेळाची परंपरा पूर्णपणे बाजूला सारून, केवळ चिंतनासाठी व प्रश्नासाठी काढलेला २२ पानांचा संच म्हणून त्याचे महत्त्व फार मोठे आहे, आणि केवळ मोठ्या पानांच्या वाचनाची खरी सनद मी तेथे पाहतो. मिसरच्या बाबतीत ही मंडळी साफ चुकली, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. पण चुकीच्या इतिहासातून जन्मलेली वहिवाटही शतकभर निष्ठेने चालली की तिला स्वतःची शिस्त प्राप्त होते, आणि विर्थच्या बाबतीत तसेच घडले.

याच काळात बाजारातील भविष्यवेत्त्यांचा एक निराळा प्रवाह वाहत होता. एत्तेइला या टोपणनावाने वावरणाऱ्या जाँ-बाप्तिस्त आलिएत याने १७८५ साली टॅरोवर पुस्तक लिहिले आणि सर्व ७८ पानांना सुलट व उलट असे ठरीव अर्थ नेमून दिले. पत्र येईल, प्रवास घडेल, काळ्यासावळ्या मनुष्यापासून जपावे, अशा थाटाचे ते कथन होते. ज्ञानमार्गी मंडळी बाविसांचे चिंतन करीत आणि व्यवसायी मंडळी सर्व पानांवरून उद्याची बातमी सांगत. हे दोन प्रवाह लंडनच्या गोल्डन डॉन या १८८८ सालच्या मंडळात एकत्र आले आणि त्या मंडळाचे सभासद आर्थर एडवर्ड वेट व चित्रकर्ती पामेला कोलमन स्मिथ यांनी १९०९ च्या अखेरीस रायडर या प्रकाशनसंस्थेतर्फे काढलेल्या संचाने तो संगम जगभर पोहोचविला.

या १९०९ च्या संचाने नेमके काय बदलले, हे समजल्यावाचून आपल्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. मार्सेय धर्तीच्या जुन्या फ्रेंच संचात तलवारीची तिर्री काढली, तर दोन वाकलेल्या रेषांच्या मधोमध एक सरळ तलवार आणि भोवती पानाफुलांची वेलबुट्टी इतकेच दिसते. त्यावरून अर्थ काढायचा तर तिनाचा गुण आणि तलवारीचा गुण आधी पाठ हवेत. पामेला कोलमन स्मिथ यांनी त्याच तिर्रीवर करड्या ढगांतून पाऊस कोसळत असताना तीन तलवारींनी विद्ध झालेले एक लाल हृदय काढले. ते पाहून दुःखाचा बोध होण्यास कोणत्याही पोथीची आवश्यकता नाही. छप्पन्न पाने अशी बोलकी झाल्यावर इंग्लंड-अमेरिकेतील वाचकांना ती बाजूला ठेवण्याचे कारण उरले नाही. फ्रान्समध्ये मार्सेय संचाची चाल कायम राहिल्यामुळे तेथे मोठ्या पानांपुरते वाचन आजही सर्रास चालते. तात्पर्य, बावीस की अठ्ठ्याहत्तर हा वाद बऱ्याच अंशी हातात कोणता संच आहे याचा वाद आहे, आणि तो तत्त्वाचा म्हणून भांडणाऱ्यांनी आधी समोरच्याची पाने पाहावीत.

मोठ्या पानांतही संचागणिक चित्र बदलते आणि चित्राबरोबर प्रश्नाचा रोख बदलतो. सहाव्या पानाचे उदाहरण घ्यावे. मार्सेय धर्तीच्या संचात एक तरुण दोन स्त्रियांच्या मध्ये उभा असून वरून मदन बाण रोखून आहे. येथे मुख्य भाव निवडीचा, द्विधा मनःस्थितीचा आहे. वेटच्या संचात तेच पान उघडले तर आदम आणि हव्वा विवस्त्र उभी असून त्यांच्यावर देवदूताने पंख पसरलेले दिसतात. येथे निवड मागे पडून मीलन पुढे येते. तेरावे पान मार्सेय संचात बहुधा नावावाचून छापलेले असते आणि त्यात एक सांगाडा विळा फिरवीत मातीतून वर आलेली मुंडकी व हात कापताना दिसतो. वेटच्या पानात चिलखत घातलेला सांगाडा पांढऱ्या घोड्यावर स्वार आहे, राजा खाली पडला आहे, धर्माधिकारी हात जोडून उभा आहे, एक लहान मूल निर्भयपणे त्याच्याकडे पाहत आहे, आणि दूर क्षितिजावर दोन मनोऱ्यांच्या मध्ये सूर्य आहे. ७८ पानांच्या मांडणीत अशा फरकाची भरपाई शेजारची लहान पाने करतात. बाविसांच्या मांडणीत प्रत्येक पानावर सारा भार असल्यामुळे वाचकाने संच निवडतानाच आपला अर्थकोश निवडलेला असतो.

या भाराचे एक गणितही आहे, आणि ते शिकविण्यात क्वचितच येते याचा मला खेद वाटतो. मृत्यू, सैतान आणि मनोरा ही तीन पाने पृच्छकाला सर्वाधिक अस्वस्थ करणारी आहेत. ७८ पाने पिसून तीन पाने काढली, तर या तिघांपैकी निदान एक येण्याची शक्यता शेकडा ११ च्या आसपास असते. तीच तीन पाने केवळ बाविसांतून काढली तर ती शेकडा ३७ होते. वेटने आपल्या पुस्तकात दिलेली दहा पानांची सेल्टिक क्रॉस मांडणी अनेक हौशी वाचक बाविसांवरच करतात. त्या मांडणीत ही शक्यता सातांतील सहा, म्हणजे शेकडा ८६ च्या घरात जाते, जी पूर्ण संचात शेकडा ३४ असते. बाविसांतून दहा पाने उचलल्यावर जवळजवळ अर्धा संच टेबलावर येतो. मग त्यात सूर्यही असतो, मनोराही असतो, न्यायही असतो, आणि असे वाचन प्रत्येक पृच्छकाला सगळेच सांगून कोणालाच काही सांगत नाही. ज्या वाचकाला हे प्रमाण ठाऊक नाही तो तिसऱ्या माणसाच्या मांडणीतही मनोरा पाहून मनातून चरकतो आणि ती धास्ती त्याच्या बोलण्यात उतरते. म्हणून माझे मत स्पष्ट आहे : केवळ मोठ्या पानांची मांडणी एक, तीन किंवा फार तर पाच पानांची असावी, त्यापुढे जाणे म्हणजे पद्धतीचा मूळ गुणच गमावणे होय.

पूर्ण संच वाचणारे आणखी एक संकेत पाळतात. दहा पानांत सरासरीने मोठी पाने तीनाहून किंचित कमी येतात. त्यामुळे पाच-सहा मोठी पाने एकदम आली, तर मामला पृच्छकाच्या आवाक्याबाहेरचा, मोठ्या वळणाचा आहे असे ते मानतात. लहान आणि मोठे यांच्या या तारतम्यातून पूर्ण संचाला एक नाद प्राप्त होतो. बाविसांच्या वाचनात हा नाद नाही. तेथे सारेच स्वर एकाच पट्टीतले. ही उणीव मान्य केलीच पाहिजे. तिची भरपाई पानांच्या जागा नीट नेमून करावी लागते, आणि या कलेत विर्थच्या परंपरेतील फुलीच्या मांडणीइतकी काटेकोर मांडणी मला दुसरी आढळलेली नाही.

ही मांडणी ग्वायता याने जोझेफाँ पेलादाँ याच्याकडून घेतली आणि विर्थपर्यंत पोहोचविली. बावीस पाने पिसून पृच्छकाला एक ते बावीस यांपैकी आकडा विचारावा, तितके मोजून पान काढावे, आणि असे चार वेळा करावे. पहिले पान डावीकडे, अनुकूल बाजूचे; दुसरे उजवीकडे, प्रतिकूल बाजूचे; तिसरे वर, मसलतीचे, म्हणजे कोणता विचार करावा हे सुचविणारे; चौथे खाली, निकालाचे. चार पानांच्या क्रमांकांची बेरीज करून ती बाविसांहून अधिक झाल्यास तिच्या अंकांची पुन्हा बेरीज करावी आणि येणाऱ्या क्रमांकाचे पान मध्यभागी सारांश म्हणून धरावे. मूर्खाचे पान येथे बाविसावे मानण्याचा प्रघात आहे. या रचनेत पाने उलटसुलट धरण्याची गरज पडत नाही, कारण उजवीकडे पडलेल्या पानाची उणी बाजूच वाचायची असते. कज्जा चालावा तशी ही मांडणी चालते : वादी, प्रतिवादी, मसलत, निवाडा.

समजा, वडिलोपार्जित घराच्या वाटणीवरून भावाशी चाललेला दावा पुढे रेटावा की तडजोड करावी, असा पृच्छकाचा प्रश्न आहे. डावीकडे सातवे पान, रथ : पृच्छकापाशी जोर आहे, हालचालीची तयारी आहे आणि बाजू पुढे नेण्याची उमेद आहे. उजवीकडे बारावे, उलटा टांगलेला मनुष्य : प्रतिकूल गोष्ट भाऊ किंवा त्याचा वकील नसून खोळंबा आहे, वर्षानुवर्षे एका पायावर लोंबकळत राहण्याची स्थिती आहे. वर नववे, एकांतवासी, हातात कंदील धरलेला वृद्ध : गोतावळ्याच्या सल्ल्यापासून दूर होऊन एकट्याने कागदपत्र पाहावेत. खाली न्याय. विर्थच्या व मार्सेयच्या क्रमात न्याय आठवा असल्यामुळे बेरीज ३६, तिची पुन्हा बेरीज ९, आणि मध्यभागी येतो एकांतवासीच. मसलतीचे पानच साऱ्या प्रकरणाचे सार ठरते. आता तीच चार पाने वेटच्या संचातून आली असे धरू. वेटने सामर्थ्य आणि न्याय यांची अदलाबदल करून न्यायाला अकरावा क्रमांक दिला. बेरीज ३९, पुन्हा बेरीज १२, आणि मध्यभागी उलटा टांगलेला मनुष्य, म्हणजे जो अडथळा होता तोच सार झाला. पाने तीच, पृच्छक तोच, पण एका संचाने शांतपणे विचार करण्यास सांगितले आणि दुसऱ्याने खोळंबा पत्करण्यास. ज्यांना पानांचे क्रमांक अनादि वाटतात त्यांनी या उदाहरणापाशी क्षणभर थांबावे, आणि ज्यांना ही मांडणी करायची आहे त्यांनी ती ज्या क्रमासाठी रचली गेली त्याच क्रमाच्या संचाने करावी.

या बेरजेत आणखी एक वैगुण्य आहे. चार क्रमांकांच्या बेरजेतून एक किंवा दोन हा अंक कधीच निघू शकत नाही. तेव्हा जादूगार आणि महापुजारीण ही दोन पाने मध्यभागी येणे सर्वथा अशक्य आहे. तारा, चंद्र, सूर्य, अंतिम निवाडा, जग आणि मूर्ख ही शेवटची सहा पाने मूळ बेरीजच १७ ते २२ च्या दरम्यान आली तरच मध्यभागी येतात, आणि काढलेले पान परत मिसळले नाही तर ७,३१५ संभाव्य चौकड्यांपैकी अशा केवळ १२८ आहेत, म्हणजे शेकडा दोनही नाहीत. मालिकेच्या अखेरची सारी उजळ पाने मध्यस्थानाला जवळजवळ पारखी असल्यामुळे या मांडणीचा सारांश स्वभावतःच मधल्या, कष्टाच्या पानांकडे झुकतो. तिच्यातील गांभीर्याचे श्रेय अनेक जण गूढ शक्तीला देतात. त्याचा मोठा हिस्सा अंकगणिताचा आहे. इतके असूनही मी ही मांडणी उत्तम मानतो, कारण प्रश्नाच्या दोन्ही बाजू मांडल्याशिवाय ती निकालाकडे जाऊच देत नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या पानांकडे पाहण्याची दृष्टी पुन्हा बदलली. १९८० साली सॅली निकल्स यांनी युंगच्या मानसशास्त्राच्या आधारे मार्सेयच्या मोठ्या पानांवर सविस्तर ग्रंथ लिहिला, आणि त्याच वर्षी रेचल पोलॅक यांच्या 'सेव्हंटी-एट डिग्रीज ऑफ विज्डम' या पुस्तकाचा मोठ्या पानांना वाहिलेला पहिला भाग निघाला. लहान पानांचा भाग १९८३ साली आला. पोलॅक यांनी मूर्खाला बाजूला काढून उरलेल्या २१ पानांच्या सात-सातच्या तीन ओळी मांडल्या : पहिली बाह्य जीवनाची, दुसरी आत्मशोधाची, तिसरी त्याहून व्यापक शक्तींची. तीन पानांच्या मांडणीत कोणते पान कोणत्या ओळीतले आहे हे पाहिले, की लहान पाने नसल्यामुळे हरवलेले तारतम्य काही अंशी परत मिळते. ही सोय मला फार मोलाची वाटते. शिल्पकलेतही या बाविसांचा संसार वेगळा मांडला गेला. निकी द सँ फाल या शिल्पकर्तीने तस्कनीतील कापाल्बिओजवळ बावीस पानांची विशाल शिल्पे उभारून १९९८ साली ती बाग लोकांसाठी खुली केली. काम चालू असताना त्या सम्राज्ञीच्या शिल्पाच्या पोटातच मुक्कामाला असत.

महाराष्ट्राशी या इतिहासाचा एक धागा पुण्याच्या कोरेगाव पार्कातून जातो. ओशोंच्या शिष्या मा देवा पद्मा यांनी रंगविलेल्या ओशो झेन टॅरोमध्ये ७८ पानांना 'गुरू' हे एकोणऐंशीवे पान जोडलेले आहे, आणि मोठ्या पानांची नावे बदलून मृत्यूच्या जागी परिवर्तन व मनोऱ्याच्या जागी वज्राघात अशी योजना केलेली आहे. वर सांगितलेले शेकडा ३७ चे गणित ज्यांना भेडसावते त्यांना ही नावे मवाळ म्हणून सोयीची वाटतात. मला मूळ नावेच अधिक प्रामाणिक वाटतात. नोकरी सुटली, घर गेले, नाते तुटले अशा माणसासमोर मनोरा कोसळताना दाखविणारे चित्र ठेवले, तर त्याला आपली व्यथा कोणीतरी आधीच ओळखली आहे असे वाटते, आणि तो बोलू लागतो.

आपल्याकडचा पृच्छक मात्र प्रश्न विचारण्याची निराळी सवय घेऊन येतो. कोकणात व गोव्यात देवाला कौल लावतात तेव्हा पाकळी उजवीकडून पडली की डावीकडून, यावर उत्तर ठरते. प्रश्नकुंडली मांडणारा ज्योतिषी काळ सांगण्याचा प्रयत्न करतो. या सवयीने बदली केव्हा होईल, स्थळ पक्के होईल का, हरवलेली अंगठी कोणत्या दिशेस आहे, असे प्रश्न टॅरोपुढेही येतात. बावीस पानांत दिशा नाही, महिना नाही, होय आणि नाही यांचीही सोय नाही. एकांतवासी किंवा भाग्यचक्र या पानावरून तारीख काढून देणारा वाचक आपल्या साधनाशी प्रतारणा करतो, असे मी म्हणेन. या पानांना विचारण्याजोगा प्रश्न असा असतो : या बदलीची मला इतकी ओढ का लागली आहे, हे स्थळ स्वीकारताना मी कशाकडे डोळेझाक करीत आहे, या भांडणात माझी भूमिका कोणती. पात्राची ओळख, प्रसंगाचे वळण आणि मनाची ठेवण या तीन गोष्टींत ही पाने निष्णात आहेत.

तेथेही एक सावधगिरी हवी. १९४८ साली बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांना स्वभावचाचणीचा निष्कर्ष म्हणून शब्दशः एकच वर्णन दिले. ते आपल्याला किती लागू पडते याला विद्यार्थ्यांनी पाचांपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. ते वर्णन फोररने बाजारात मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून जुळविलेले होते. वाक्य जितके व्यापक तितके ते प्रत्येकाला आपलेच वाटते, आणि टॅरोच्या साऱ्या पानांत मोठ्या पानांचे अर्थ सर्वांत व्यापक आहेत; म्हणून केवळ मोठ्या पानांच्या वाचनात पृच्छकाला 'अगदी बरोबर' असे वाटणे हा वाचनाच्या खरेपणाचा पुरावा धरता येत नाही. भविष्य कळते असा दावा मी या पानांच्या वतीने करीत नाही, आणि तसा दावा केल्यावाचून त्यांची किंमत कमी होते असेही मला वाटत नाही. वाचकाने करावयाची तजवीज एवढीच की, पानाचा अर्थ सांगून न थांबता चित्रातील एखाद्या तपशिलावर पृच्छकाचे बोट ठेववावे : मृत्यूच्या या घोड्यापुढे असलेल्यांपैकी तुम्ही कोण, पडलेला राजा, विनवणी करणारा धर्माधिकारी की पाहत असलेले मूल? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाचे निराळे येते, आणि फोररचे सर्वांना चालणारे वर्णन तेथे चालत नाही.

लहान पाने केव्हा परत घ्यावीत, हा प्रश्न यानंतर उरतो. काही वाचक दोन्ही गठ्ठे वेगळे ठेवून वेगळे पिसतात. आधी मोठ्या गठ्ठ्यातून एक ते तीन पाने काढून प्रकरणाचे स्वरूप ठरवितात आणि मग प्रत्येकावर लहान गठ्ठ्यातील एक पान ठेवून ते स्वरूप पृच्छकाच्या दैनंदिन व्यवहारात, घरात, पैशात की मनात, कोठे उतरते ते पाहतात. वेटच्या धर्तीचा चित्रमय संच हाती असेल तर ही रीत मला सर्वांत समतोल वाटते. मार्सेय धर्तीचा असेल तर लहान पानांसाठी आकड्यांचे व रंगांचे गुण आधी वर्ष-सहा महिने मेहनतीने आत्मसात करावेत आणि तोवर खुशाल बाविसांवरच वाचावे. वाटणीच्या त्या काल्पनिक प्रकरणात एकांतवासीवर नाण्यांची दश्शी पडली तर विचार मालमत्तेच्या हिशेबाचा आहे, आणि पेल्यांची छक्की पडली तर तो बालपणीच्या घराचा आहे. दावा चालवायचा की नाही, हे पृच्छकाने त्यानंतर ठरवावे.